विहिरीतला पिंपळ लावला कोणी?

बांधावरचा

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, धागा पहिलाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमचं वावर यावल तालुक्यात, बामणोदच्या बाजूला. दिवाळीनंतर विहिरीवरची मोटर जळाली म्हणून खाली उतरावं लागलं. वरून तीसेक फुटांवर, जुन्या दगडी बांधकामाच्या सांध्यात पिंपळ उगवलेला. खोड माझ्या मनगटाएवढं. मुळानं सांध्यात शिरून दोन दगड बोटभर लांब सारलेत. वरून तिथे हिरवं काहीतरी दिसायचं, पण कधी निरखून पाहिलं नव्हतं. बाबा म्हणाले, काढून टाक, बांधकाम ढासळेल. आई म्हणाली, पिंपळाला कुऱ्हाड लावायची नाही. मी दोघांनाही हो म्हटलं.

डोक्यातला किडा तिथून वळवळायला लागला. गावातला पिंपळ मारुतीच्या पारावर, विहिरीपासून अर्धा किलोमीटर तरी लांब. बी वरून पडलं असतं तर सरळ पाण्यात गेलं असतं. उभ्या भिंतीच्या भेगेत ते ठेवलं कोणी?

त्यात परत येताना पायवाट सोडून बांधावरून आलो. घरी ओट्यावर बसून पायजमा झटकला, झटकून काही निघेना, मग एकेक वेचायला लागलो. आघाडा एकोणतीस, कुसळं सतरा, मोठं गोखरू चार. म्हणजे पन्नास बिया मी या बांधावरून गावात वाहून आणल्या. एक पैसा न घेता.

झाडं जागची हलत नाहीत असं शाळेत शिकलो. मला तर ती आपल्यापेक्षा जास्त फिरलेली दिसताहेत. तुमच्या शिवारात काय पाहिलंय ते लिहा. गुगलवरून उचललेलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं.

सरकी_बाई

पारव्यांचं काम. आमच्या विहिरीत पन्नास तरी असतील. दुसरं कोण उतरतं एवढं खाली?

निवृत्त_मास्तर

सरकीताई, पारव्यावर आळ घेऊ नका, निदान या गुन्ह्यात. पारवा दाणे खाणारा. त्याच्या पोटात खड्यांची चक्कीच असते, त्यात बी दळून जातं. त्याच्या विष्ठेतून धड बी बाहेर पडायची आशा कमी. पिंपळाची फळं खाऊन बी शाबूत टाकणारे म्हणजे साळुंकी, कोकीळ, बुलबुल आणि रात्रीची वटवाघळं. त्यातली साळुंकी विहिरीच्या भोकात घरटं करते. माझा संशय तिच्यावर.

पिंपळाचं बी मोहरीपेक्षाही बारीक. मातीत पडलं तर गवत त्याला वर येऊ देत नाही. भिंतीच्या भेगेत, कौलावर, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात गर्दी नसते. थोडी धूळ, थोडी ओल, आणि पक्ष्यानं सोबत टाकलेलं खत. आपल्याला ती जागा अवघड वाटते, पण पिंपळाची ती नेहमीचीच.

पण खरी गंमत फळाच्या आधी आहे. वड, पिंपळ, उंबर यांची फुलं फळाच्या आत असतात, म्हणून तर न दिसणाऱ्या गोष्टीला आपण उंबराचं फूल म्हणतो. फळाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. त्यातून मिलिमीटर-दीड मिलिमीटरची एक माशीसारखी गांधील आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तिथेच तुटतात. आत ती सोबत आणलेला पराग फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांतल्या नरांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, बाहेर पडायला भोक कोरतात आणि बहुतेक आतच संपतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. अशा झाडांच्या बहुतेक जातींची आपापली गांधील ठरलेली असते, पिंपळाची गांधील उंबराच्या उपयोगाची नाही.

उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले किडे, काढू नयेत म्हणतात. मी वर्गात दरवर्षी काढायचो. चार मुली किंचाळायच्या, बाकीचा वर्ग पुढच्या बाकांवर चढायचा.

पुण्यात_अडकलेला

मास्तर, म्हणजे लहानपणी मी किती गांधिली खाल्ल्या असतील?

निवृत्त_मास्तर

मोजू नका.

साक्रीकर

भो, हाई वाचीसन मज्या उनी. आमनाकडे ठेलारीस्ना मेंढरं...

थांबा, सगळ्यांना कळावं म्हणून शुद्धीवर येतो. साक्री तालुक्यात ठेलारी लोकांचे मेंढरांचे वाडे असतात. खतासाठी आम्ही वावरात मेंढरं बसवतो, दोन-चार रात्री. माझ्या आजोबांचा नियम होता, मेंढरं बसवली की पुढच्या पावसाळ्यात त्या तुकड्यात बाभळीची रोपं उपटायला माणूस लावायचाच.

कारण असं की शेळ्या-मेंढ्या बाभळीच्या शेंगांवर जीव टाकतात. शेंग गोडसर, बी मात्र खड्यासारखं. दिवसभर शेंगा गिळायच्या आणि रात्री रवंथ करताना दातांखाली आलेलं कडक बी थुंकून टाकायचं. पहाटे वाड्यात गेलात तर लेंड्यांच्या मधे चकचकीत बिया पडलेल्या दिसतात, काही थुंकलेल्या, काही पोटातून आलेल्या. झाडाखालचं बी तसंच पेरलं तर कवचातून पाणी आत जायला वेळ लागतो. म्हणून लोक उकळत्या पाण्यात घालून मग पेरतात, नाहीतर वाड्यातलंच बी गोळा करून आणतात. तिथे मेंढरानं काम आधीच करून ठेवलेलं असतं.

वेड्या बाभळीनं तर याच रस्त्यानं माळ खाल्ला. ती परदेशी, पण आपल्या शेळीला शेंग गोड लागली एवढंच तिला पुरलं.

केयीवाला_रावेर

(आमच्या बोलीत केळी म्हणजे केयी, म्हणून हे नाव.)

बाकीची झाडं फिरताहेत ते ठीक, पण आमच्या पिकाचं काय? केळीला बीच नाही. तरी ती न्यू गिनी आणि आग्नेय आशियातून निघून रावेरच्या स्टेशनवर वॅगनमध्ये चढली. तिला वाहणारी वटवाघळं आपण.

पुण्यात_अडकलेला

टिश्यू कल्चर आल्यापासूनच केळीतलं बी गेलं ना? असं ऐकलंय.

केयीवाला_रावेर

नाही भाऊ. हे लग्नाच्या पंगतीत पण ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रानटी केळीत वाटाण्याएवढ्या काळ्या टणक बिया असतात, गर नावाला. आपण खातो त्या केळीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच आहेत. जोड्या लावायला बसलं की एक संच उरतो, त्यामुळे बी धरत नाही. आणि पराग न मिळताही फळ भरतं. केळं आडवं कापलं की मधे काळे ठिपके दिसतात ना, ते राहून गेलेलं बी. टिश्यू कल्चर काल-परवाचं. माझे वडील बसराई लावायचे तेव्हाही बी नव्हतंच. बुंध्याशी फुटलेले मुनवे खणायचे, तलवारीसारख्या निमुळत्या पानाचे निवडायचे, कंद तासायचा आणि लावायचा. आता ग्रँड नैनची रोपं प्रयोगशाळेतून पिशवीत येतात, पण पद्धत तीच, एकाच झाडाचे तुकडे.

याचा फटका असा की सगळी बाग म्हणजे एकच झाड, हजारो ठिकाणी उभं केलेलं. एकाला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं. सीएमव्ही या विषाणूच्या रोगाला आमच्याकडे हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे आले की ते झाड मुळासकट उपटून बागेबाहेर न्यायचं, कारण मावा ते पुढच्या झाडावर नेतो. एका वर्षी मी आठ दिवस हयगय केली. पुढचं लिहीत नाही.

जगात हे एकदा मोठ्या प्रमाणावर झालंय. ग्रो मिशेल नावाची केळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीची राणी होती, पनामा या मातीतल्या बुरशीच्या रोगानं तिचे मळेच्या मळे गेले. तिच्या जागी आलेली कॅव्हेंडिश म्हणजे आपल्याच बागेतली मंडळी. आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतो, आणि तो बिहार-उत्तर प्रदेशात आलेला आहे. म्हणून बाहेरचे कंद, बाहेरची माती लागलेली अवजारं बागेत आणू नका. हे अवांतर नाही, धाग्याचाच विषय आहे. बी नसलं म्हणजे रोगापासून पळायचा रस्ताही नाही. बियांतलं प्रत्येक पोर थोडं वेगळं असतं, त्यातलं एखादं तरी तगतं.

आणि एक. केळी चालते, बरं का! पील बाग, म्हणजे जुन्या झाडाच्या पिल्लावरच पुढचं पीक, धरली की नवा पिल्लू जुन्या बुंध्याच्या बाजूला येतो, पुढचा त्याच्याही बाजूला. तिसऱ्या वर्षी ओळ हातभर सरकलेली असते. ठिबकची नळी मात्र आपल्या जागेवर.

बांधावरचा

शेवटचं वाक्य वाचून आमच्या बागेत जाऊन पाहिलं. खरंच की! इतकी वर्षं मी नळी वाकडी टाकली म्हणून बोलणी खातोय.

वाचता वाचता माझ्या मनात एक हिशेब जमला. पिंपळ, बोर, बाभूळ हे मजुरी देऊन काम करून घेणारे. गर खा, बी सोडा. आघाडा आणि कुसळ वेठबिगार लावणारे, काही देत नाहीत, दिसला त्याला धरतात. आणि केळीनं तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरवलेला सालदार ठेवलाय. पाणी तो देणार, खत तो देणार, लेकरं तोच उचलून दुसऱ्या वावरात नेणार. आणि सालदाराला वाटतं मालक आपण!

सरकी_बाई

सालदार वाचून आमचे हे इतके हसले की चहा सांडला. पण कापसालाही यात घ्या. कापूस हे सरकीचे केस आहेत, फूल नाही. एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी लांबत गेलेली. रानकपाशीला ते आखूड, बी वाऱ्यापाण्यानं पसरायला पुरतील इतके. माणसानं लांब लांब निवडून त्याचं धोतर केलं. आता बोंड उकललं तरी सरकी उडत नाही, वेचणारणीची वाट बघत लोंबत राहते.

फुलाचा रंग पाहिलाय का कोणी? सकाळी उमललं की फिकट पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी. सकाळी ओळीत गेलं की कालची कोणती, आजची कोणती, लांबूनच कळतं. माश्याही मी आजच्यांवरच जास्त पाहिल्या.

वांगं_एके_वांगं

धागाकर्ते बामणोदचे आणि अजून भरिताच्या वांग्याचा विषय नाही? निषेध.

गंभीरपणे सांगतो. वांग्याच्या फुलात मधे पिवळ्या पुंकेसरांचा शंकू असतो. पराग त्या पुंकेसरांच्या आत, आणि बाहेर यायला फक्त टोकाला बारीक भोकं, मिठाच्या डबीसारखी. मधमाशी येऊन चाचपडते, तिला फारसं मिळत नाही. काळा भुंगा येतो तो फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता आतले स्नायू थरथरवतो, सेकंदाला शेकडो वेळा. आवाजच वेगळा येतो, उडतानाच्या गुणगुणीपेक्षा चढा. आणि भस्सकन पिवळी भुकटी त्याच्या पोटावर.

मी काय केलं, मोबाईल व्हायब्रेटवर टाकून फुलाच्या दांड्याला टेकवला आणि खाली काळ्या कव्हरची वही धरली. वहीवर पिवळी रांगोळी! बायको बांधावरून विचारते, वांग्याला फोन लावला का.

वाऱ्यानंही थोडं काम होतं, वांग्याला स्वतःचा पराग चालतो. पण भुंगे असले तर फळ भरदार. ज्या फुलात मधल्या काडीचं टोक, म्हणजे कुक्षी, पुंकेसरांच्या बाहेर डोकावतं तीच फुलं जास्त धरतात, आखूड काडीची बहुतेक गळतात. सकाळी फवारा मारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, भुंगा सकाळीच येतो. बांधावरचं सुकं लाकूड सगळं जाळू नका, त्यातच भोक पाडून तो राहतो.

शहाद्याची_सून

आमच्याकडे पपई. सासरी आल्यावर पहिल्या वर्षी मी हौसेनं परसातल्या एका गोड देशी पपईच्या बिया सुकवून दहा रोपं लावली. पाच झाडांना लांब लोंबत्या दांड्यांवर फुलांचे झुपके आले, फळ एक नाही. सासूबाई म्हणाल्या, हे नर, काढ. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. नंतर कळलं, पपईत नर, मादी आणि दोन्ही एकत्र असलेली अशी तीन तऱ्हेची झाडं असतात. मादीला नराचा पराग लागला असेल तर बियांतून निम्मे नरच निघायचे. दहात पाच, म्हणजे हिशेबानंच आलं होतं.

शेतात रेड लेडी ७८६ लावतो, त्यात नर नसतात, पण तिच्या फळातलं बी धरून पुन्हा लावायला जाऊ नका. संकरित बियांची पोरं आईसारखी निघत नाहीत. एका ओळखीच्या माणसानं "तेच बी आहे, स्वस्तात देतो" म्हणून आमच्या शेजाऱ्याला रोपं दिली होती. बाग उभी राहिली, पण फळ एकासारखं एक नाही. व्यापारी पाहून परत गेला.

मिरची_पथारी

नंदुरबारहून हजेरी. हिवाळ्यात आमच्याकडे पथारीवर लाल मिरची वाळत पडते, रस्त्यानं जाणारा शिंकत जातो. तर प्रश्न असा की ज्या फळाला पसरायचंय ते तिखट कशाला?

उत्तर पोपटाकडे आहे. तिखटपणा ज्यामुळे कळतो ती यंत्रणा आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत आहे, पक्ष्यांना त्या तिखटाचा चटका बसत नाही. उंदीर, ससा असे प्राणी बी दातांनी चावून संपवतात. पक्षी गिळतो आणि लांब जाऊन टाकतो. मिरचीनं दार कोणाला उघडायचं ते ठरवून ठेवलंय. रानमिरच्या बघा, बोराएवढ्या किंवा त्याहून लहान, लालभडक, आभाळाकडे तोंड करून उभ्या. पक्ष्याला दिसाव्यात म्हणून.

मग माणूस आला, त्याला तिखटच आवडलं, आणि पोर्तुगीजांच्या जहाजातून अमेरिकेची ही बाई नंदुरबारला पोचली. बांधावरच्या भाऊंच्या हिशेबात हिला कुठे बसवायचं? मजुरीही नाही, वेठही नाही. चटका देऊन काम.

पुण्यात_अडकलेला

गोखरूसारख्याच एका परदेशी चिकटणाऱ्या फळावरून वेल्क्रो सुचला ती गोष्ट अजून कोणी सांगितली नाही म्हणून...

वांगं_एके_वांगं

नको. प्रत्येक धाग्यात येते ती.

पुण्यात_अडकलेला

बरं, मग माझी स्वतःची. पुण्यातल्या सोसायटीत आंब्यावर बांडगूळ आलंय. गॅलरीतून रोज बघतो. चिमणीपेक्षाही छोटा, मळकट रंगाचा एक पक्षी येतो, फुलटोचा. बांडगुळाची कळी चिमटीत धरल्यासारखी दाबतो, ती फट्टकन उघडते, मध पितो. पुढे फळ पिकलं की तेही तोच खातो. पण बी इतकं चिकट असतं की विष्ठेसोबत खाली पडतच नाही. मग तो फांदीवर आडवा होऊन बूड घासतो. बी फांदीला चिकटलं. दुसरं बांडगूळ तयार.

म्हणजे पराग न्यायला तोच, बी पेरायलाही तोच. माळीबुवा म्हणतात फांदी छाटा. छाटू, पण पक्ष्याची ही आडवी कसरत पाहून झाल्यावर.

साक्रीकर

ह्याला म्हणतात पुण्यात राहून सत्कारणी लावलेला वेळ.

सातपुडा_एसटी

चोपड्याच्या वर सातपुड्यात नोकरी. चैत्रात मोह फुलतो तेव्हा रात्री झाडाखाली बसून पाहा. फुलं अंधारात उमलतात, जाड, गोड, रसाळ. वटवाघळं येतात, अंधारात पंखांचा फडफडाट, पानांतून टपटप. पहाटे बाया टोपल्या घेऊन येतात, कारण सकाळपर्यंत फुलं गळून जमीन पांढुरकी झालेली असते. पुढे फळं लागली की तीच वटवाघळं फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, गर चोखून बी खाली टाकतात. म्हणून कधी कधी सागाखाली मोहाच्या बियांचा ढीग दिसतो.

काटेसावरीची बोंडं उकलली की वाऱ्यावर कापूस सुटतो. रुईची म्हातारी सगळ्यांनी पकडली असेलच. पण रुईचं फूल जवळून पाहा. भुंगा बसला की त्याचा पाय फुलातल्या खाचेत सरकतो, आणि ओढून काढला की परागाची जोडपिशवी पायाला अडकून येते. पुढच्या फुलात तीच पिशवी खाचेत बसते. कमजोर किडा असेल तर पाय सुटत नाही, तिथेच लोंबून मरतो. मी पाहिलाय.

गिरणा_पाट

गाजर गवताबद्दल कोणी गोड बोलू नका एवढीच विनंती. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आज आमच्या पाटाच्या दोन्ही कडा त्याच्याच. एक झाड हजारोंनी बी टाकतं, बी इतकं हलकं की वारा नेतो, पाणी नेतं, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल नेतो, शेणखतातून येतं. पाटाला पाणी सुटलं की पहिल्या लोंढ्यावर त्याचाच कचरा तरंगत येतो. फुलायच्या आधी उपटा. फुलल्यावर उपटलं तर तुम्हीच त्याचे हमाल. हातमोजे घाला, आमच्या आईला त्याची खाज वर्षभर गेली नाही.

निवृत्त_मास्तर

एरंड राहिला. उन्हाच्या तडाख्यात कुंपणाशी उभे राहा, बोंडं तडतड फुटतात, बी हातभर लांब उडतं. पण काम तिथे संपत नाही. बीच्या टोकाला पांढुरका गाठीसारखा भाग असतो, तो मुंग्यांना आवडतो. मुंग्या बी ओढत वारुळाकडे नेतात, तेवढा तुकडा खातात, बी टाकून देतात. आधी तोफ, मग बैलगाडी.

आणि बांधावरचे भाऊ, ती सतरा कुसळं फेकली का? नसतील तर एक करा. कुसळाला लांब शेपटी असते, वाळलेली असताना दोरीसारखी पिळलेली. टोक तळहातावर टेकवा आणि शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा.

बांधावरचा

केलं. मुलीच्या तळहातावर केलं, कारण ती हट्टाला पेटली होती. थेंब पडला, क्षणभर काही नाही, आणि मग कुसळाची वाकडी शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू फिरायला लागली. मुलगी ओरडली, "पप्पा, जिवंत आहे!" उन्हात ठेवलं, वाळताना उलटी फिरली. पुन्हा ओलं, पुन्हा फिरलं. टोकाजवळ मागे वळलेले ताठ केस आहेत, भिंगातून दिसतात, त्यामुळे आत गेलेलं मागे येत नाही. दिवसा वाळायचं, रात्री दवानं भिजायचं, आणि दर फेरीला मातीत थोडं आत. ते मेलेलं बी नाही, स्वतःचं बीळ खणणारं आहे. मेंढ्यांच्या कातडीत का घुसतं तेही कळलं. सतरातली नऊ मुलीनं कुंडीत लावलीत.

आता पिंपळाचं. काल पुन्हा उतरलो. मास्तर, तुमचा संशय खरा निघाला. पिंपळाच्या हातभर वर, दगड निखळलेल्या भोकात गवत आणि प्लॅस्टिकचे तुकडे कोंबलेले. मी टॉर्च मारला तर आतून साळुंकी माझ्या कानाजवळून ओरडत गेली, दोरावरून हात सुटता सुटता वाचला. भोकाखाली भिंतीवर पांढरा ओघळ, आणि तो बरोबर पिंपळाच्या भेगेपर्यंत आलेला. ओघळातच करंगळीएवढी अजून दोन रोपं. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून वर आणली, गावठाणात लावतो. मोठ्याचं काय करायचं यावर आई-बाबांची बोलणी चालू आहेत.

सरकी_बाई

पारव्यांची माफी मागते. मोटर झाली का चालू?

बांधावरचा

नाही हो. वायंडिंगला दिलीय, उद्या देतो म्हणून चार दिवस झाले.